टेनिसपटूच्या पोटाची डावी बाजू मोठी, उजवी लहान: हा फरक घालवायचा का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर कळेल. तुमचं वय तेवीस, उजव्या हाताने खेळता, व्यावसायिक टेनिस हाच पेशा. आरशात पोटाची डावी बाजू उजवीपेक्षा ठळक दिसते म्हणून तुम्ही सोनोग्राफी करून घेतली आणि त्यात डावा सरळ स्नायू, म्हणजे ज्याला सगळे सिक्स-पॅक म्हणतात तो, उजव्यापेक्षा बराच जाड निघाला. नव्या ट्रेनरने याला ‘असंतुलन’ म्हटलं, उजव्या बाजूचे व्यायाम दुप्पट केले आणि डाव्या बाजूचे जवळजवळ बंद केले. सर्व्हिसचा सराव जास्त झाला की दुसऱ्या दिवशी डावीकडे पोट ताठरतं, एरवी दुखत नाही. आणि तुम्ही विचारलंय, दोन्ही बाजू सारख्या व्हायला किती महिने लागतील?

महिन्यांचा हिशोब मी देणार नाही, कारण त्याआधी दोन प्रश्न सुटायला हवेत. एक, या बाजू सारख्या व्हायलाच हव्यात का? दोन, तुमच्या अंगावर दिसतोय तो फरक खेळाने घडवलेला आहे की कुठल्या तरी बिघाडाने? गेली अठरा वर्षं मी फिजिओ म्हणून टेनिसपटू, वेगवान गोलंदाज आणि भालाफेक करणाऱ्यांबरोबर काम करतोय. एका बाजूने खेळायच्या खेळात पूर्ण सारखं धड घेऊन आलेला एकही मुरलेला खेळाडू मला आठवत नाही.

आधी सर्व्हिसकडे बघू. चेंडू वर टाकून तुम्ही गुडघे वाकवता तेव्हा धड मागे कमानीसारखं वाकतं, उजवा खांदा खाली जातो, डावा वर जातो. त्या क्षणी पोटाची डावी बाजू बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत ताणलेली असते आणि ताणलेल्या अवस्थेतच भार धरून असते. पुढच्या क्षणी तोच स्नायू जोराने आखडतो, धड पुढे आणि डावीकडे झुकतं, फिरतं, आणि ती गती खांद्यातून रॅकेटपर्यंत जाते. ताणलं जाताना भार धरणं आणि लगेच आखडणं, ही स्नायू वाढवणारी जबरदस्त जोडी. सरावाच्या एका दिवसात हे किती वेळा होतं आणि लहानपणापासून आतापर्यंत किती वेळा झालं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. उजवी बाजूही काम करते, पण वेगळं. धड डावीकडे फिरवताना उजवीकडचा बाहेरचा तिरका स्नायू आणि डावीकडचा आतला तिरका स्नायू मिळून एका पट्ट्यासारखे ओढतात. म्हणजे डावं-उजवं एकमेकांची नक्कल करतच नाहीत, त्यांनी काम वाटून घेतलेलं असतं.

२०१० मध्ये स्पॅनिश संशोधकांचा एक एमआरआय अभ्यास प्रसिद्ध झाला, तो तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. त्यांनी व्यावसायिक टेनिसपटू, व्यावसायिक फुटबॉलपटू आणि व्यायाम न करणारे पुरुष अशा तीन गटांत पोटाच्या सरळ स्नायूचं आकारमान मोजलं. टेनिसपटूंमध्ये न खेळणाऱ्या हाताकडची बाजू दुसरीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी मोठी होती. फुटबॉलपटूंमध्ये आणि सामान्य माणसांत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. अभ्यास मोजक्या खेळाडूंवरचा होता, त्यामुळे ३५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण दिशा स्पष्ट आहे आणि रोजच्या कामात मला तेच दिसतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. टेनिसपटूंची जी ‘लहान’ बाजू होती, तीही व्यायाम न करणाऱ्या माणसाच्या त्याच बाजूपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी होती. म्हणजे तुमची उजवी बाजू रोडावलेली किंवा कमकुवत आहे असं समजायला काही आधार नाही. ती वाढलेलीच आहे. डावी तिच्याहून जास्त वाढली आहे. ट्रेनरने तुम्हाला फक्त दोन बाजूंची एकमेकींशी तुलना दाखवली. तुम्ही प्रत्येक बाजूला विचारायला हवं की तुझं काम तुला जमतंय का.

आता गोलंदाजांकडे वळतो, कारण धडातल्या फरकावर सर्वांत जास्त वाद तिथे झाला आहे आणि त्यातून मी स्वतः बरंच शिकलो. वेगवान गोलंदाजाच्या कमरेत क्वाड्रेटस लम्बोरम नावाचा एक स्नायू असतो, कमरेच्या हाडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत आणि मणक्यांच्या बाजूच्या टोकांपर्यंत जाणारा. गोलंदाजी करणाऱ्या हाताकडे तो बहुतेक वेळा मोठा असतो. २००७ च्या सुमारास असं मांडलं गेलं की हा फरक जितका जास्त, तितकी मणक्याच्या मागच्या कमानीतल्या अरुंद भागाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने जाणारा तडा, होण्याची शक्यता जास्त. उजव्या हाताच्या गोलंदाजाला हे फ्रॅक्चर बहुधा डावीकडे होतं, म्हणून तर्कही जुळत होता: एका बाजूचा मोठा स्नायू मणक्याला ओढतो आणि दुसरीकडचं हाड मोडतं.

त्या काळात मीही हे मानायचो. गोलंदाजांची कंबर मोजायची, फरक दिसला की लहान बाजूचे व्यायाम वाढवायचे, असं काही हंगाम केलं. नंतर चित्र बदलत गेलं. संगणकावर मणक्याचं प्रतिमान करून तपासलं तेव्हा हा फरक हाडावरचा ताण वाढवत असेल असं दिसलं नाही, उलट काही स्थितींत तो कमीच करत असावा असं निघालं. पुढे गोलंदाजांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासातही स्नायूतला फरक आणि दुखापत यांचा तो थेट संबंध टिकला नाही. आणि २०१६ मध्ये पोटाच्या स्नायूंवरचा एक अभ्यास आला, त्याने तर आमचा समज पार उलटा केला. ज्या गोलंदाजांची पाठ दुखत नव्हती, त्यांच्यात गोलंदाजी न करणाऱ्या हाताकडचे पोटाचे स्नायू जास्त जाड होते. ज्यांची दुखत होती, त्यांच्यात दोन्ही बाजू सारख्या होत्या.

यावरून ‘फरक चांगला, समानता वाईट’ असा नवा नियम काढू नका. पाठ दुखते म्हणून गोलंदाजी कमी होते आणि त्यामुळे फरक कमी होतो, की फरक तयार झाला नाही म्हणून पाठ दुखते, हे एका वेळच्या मोजणीतून ठरत नाही. पण एवढं नक्की कळतं की समान दिसणं म्हणजे सुरक्षित असणं हे गृहीत धरायला आधार नाही. फुटबॉलच्या ऑस्ट्रेलियन प्रकारातही असंच दिसलं. तिथल्या अव्वल खेळाडूंमध्ये लाथ मारणाऱ्या पायाकडचा सोआस (कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडाकडे जाणारा) स्नायू मोठा आणि उभ्या पायाकडचा क्वाड्रेटस लम्बोरम मोठा असतो, पण या फरकाचा दुखापतींच्या संख्येशी संबंध आढळला नाही. प्रत्येक पायाला आपापलं काम असल्याचीच ही खूण.

मग ट्रेनर लोकांच्या डोक्यात ‘दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे धोका’ हे कुठून येतं? माझ्या मते गुडघ्यावरून. गुडघ्याच्या अस्थिबंधाची (लिगामेंटची) शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला मैदानावर परत पाठवताना दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी हवी, असा संकेत आहे. तिथे तो समजण्यासारखा आहे, कारण धावताना दोन्ही पायांना जवळपास सारखंच काम असतं आणि एका पायाला नुकतीच इजा झालेली असते. तो आकडा उचलून टेनिसपटूच्या पोटाला लावला की गडबड होते. धडासाठी असा सर्वमान्य आकडा नाही. साइड प्लँकमध्ये, म्हणजे कुशीवर एका कोपरावर अंग सरळ उचलून धरताना, डावी-उजवी वेळ पाच टक्क्यांच्या आत असावी, हा पाठीचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांचा निकष बरेच जण वापरतात, मीही चाचणी म्हणून वापरतो. पण तो दम धरण्याच्या वेळेचा निकष आहे, स्नायूच्या जाडीचा नाही.

जाडीबद्दल आणखी एक सांगतो, कारण तुम्ही सोनोग्राफीवर फार विसंबलेले दिसता. टेनिसपटूंमधला हा फरक सगळीकडे सारखा नसतो, तो खालच्या भागात जास्त असतो. बेंबीच्या वर मोजलं तर एक उत्तर येईल, खाली मोजलं तर दुसरं. श्वास घेतलेला होता की सोडलेला, प्रोब (पोटावर फिरवायचं यंत्राचं टोक) किती दाबला, पोट भरलेलं होतं का, आदल्या दिवशी सर्व्हिसचा सराव झाला होता का, या प्रत्येक गोष्टीने मिलिमीटर हलतात. तुमच्या अहवालात कुठल्या पातळीवर मोजलं ते लिहिलेलंच नाही. एका दिवसाच्या, एका जागेच्या मोजणीवर वर्षभराचा कार्यक्रम ठरवणं मला पटत नाही. आणि जाडी म्हणजे ताकद नव्हे. जाड स्नायू लवकर दमू शकतो, बारीक स्नायू नेमक्या वेळी नेमका ताण धरू शकतो.

तुमच्याबाबत काय लागू पडतं हे काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. हा फरक कधीपासून आहे? वर्षानुवर्षं हळूहळू वाढत आला असेल तर मी निवांत असतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत अचानक दिसू लागला असेल तर नसतो. डावी बाजू वाढली की उजवी आटली, हेही बघायला हवं. जुने फोटो असतील तर काढून बघा, यात फोटो फार उपयोगी पडतात. बॅकहँड एका हाताने मारता की दोन्ही हातांनी? दोन्ही हातांनी मारत असाल तर धडाला उलट दिशेने जोर लावायची थोडी सवय आपोआप होते. पूर्वी खांद्याला, कमरेला किंवा डाव्या नितंबाला दुखापत झाली होती का? आणि वाढीच्या वयात कोणी पाठीचा कणा तपासला होता का?

कण्याचं मुद्दाम विचारतोय. पाय जुळवून उभे राहा, तळहात जोडा आणि गुडघे न वाकवता पुढे वाका. मागून कोणाला तरी पाहू द्या. बरगड्यांची किंवा कमरेची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर कण्यात वळण आणि पीळ असू शकतो. मग पोटावर दिसणारा फरक थोडासा त्या पिळामुळेही असेल. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये वळणाचा कोन १० अंश किंवा जास्त असला तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. सापडलं तरी घाबरू नका. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे आणि त्याने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. पॉवरलिफ्टर लमार गँटच्या कण्याला मोठं वळण होतं, तरी १९८५ मध्ये त्याने स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट (जमिनीवरून उभं राहत उचलायचं वजन) उचलली. वळण असणं फायद्याचं, असं मला म्हणायचं नाही. शरीर वाकडं असूनही कामाला पुरेपूर समर्थ असू शकतं, हे लक्षात राहावं म्हणून ही नावं घेतली.

बिघाडाचा फरक कसा दिसतो हे एका गोलंदाजाच्या उदाहरणावरून सांगतो. वय एकोणीस, उजव्या हाताचा. त्याच्या संघाच्या ट्रेनरला कमरेपाशी कण्याच्या डाव्या बाजूचा उंचवटा कमी झालेला दिसला, म्हणून त्याने त्या बाजूला व्यायाम लावले. महिनाभराने मुलगा माझ्याकडे आला. एका पायावर उभं करून मागे वाकवलं तर डावीकडे बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच ठिकाणी कळ. एमआरआयमध्ये हाडाला ताणाची इजा निघाली. कण्याला लगटून असलेला मल्टिफिडस हा स्नायू दुखण्याच्या बाजूला आणि त्याच पातळीवर आटतो, आणि दुखणं थांबल्यावरही तो आपोआप भरून येईलच असं नाही, हे पाठदुखीच्या रुग्णांत फार पूर्वी दिसून आलं आहे. म्हणजे तिथे आटलेला स्नायू परिणाम होता, कारण हाडात होतं. व्यायाम चुकीचा नव्हता, त्याची वेळ चुकली. त्या मुलाला आधी गोलंदाजी थांबवून हाड भरू द्यायला हवं होतं. तो महिना वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या वयात हाड अजून पक्कं होत असतं.

म्हणून पुढीलपैकी काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवा आणि खेळाच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. मागे वाकल्यावर एका बाजूला ठरावीक जागी कळ येणं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा ताकद कमी होणं. खोकल्यावर पोटात किंवा जांघेत फुगवटा येणं, कारण तो हर्निया असू शकतो आणि ‘एक बाजू मोठी’ म्हणून तो नजरेतून सुटतो. काही आठवड्यांत एखादी बाजू आटत जाणं. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा मांड्यांमधला भाग बधिर होणं, असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं, वाट बघायची नाही.

तुम्ही लिहिलेल्यात यातलं काही नाही. आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर डावी मोठी असणं तुमच्या खेळात अपेक्षित आहे, उजवी दुबळी असल्याचा पुरावा नाही, आणि एका सोनोग्राफीवरून काहीच ठरत नाही. उरतं ते सर्व्हिसनंतरचं डावीकडचं ताठरणं, आणि माझं सगळं लक्ष तिकडे आहे.

टेनिसमध्ये पोटाच्या सरळ स्नायूला इजा होते ती बहुतेक वेळा याच बाजूला, न खेळणाऱ्या हाताकडे, आणि बहुधा सर्व्हिसमध्ये, धड मागे वाकलेलं असताना किंवा तिथून सुटताना. २०२२ च्या विम्बल्डनमध्ये राफाएल नदालला पोटाच्या स्नायूच्या इजेमुळे उपांत्य सामना न खेळता माघार घ्यावी लागली होती. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही हा स्नायू जुमानत नाही. मोठा स्नायू आहे म्हणून तो फाटणार नाही असं नसतं. उलट सगळ्यांत जास्त काम त्याच्यावर पडतं, म्हणून फाटतोही तोच. आता तुमच्या ट्रेनरने नेमक्या याच बाजूचे व्यायाम बंद केलेत आणि सर्व्हिसचा सराव मात्र तेवढाच चालू आहे. मला हे धोक्याचं वाटतं.

असं घडताना मी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका खेळाडूच्या बाबतीत असाच कार्यक्रम चालला होता: एका बाजूला दुप्पट, दुसरीकडे काही नाही, चार महिने. आकारातला फरक मोजण्याइतकाही बदलला नाही. तसं व्हायचंच होतं, कारण व्यायामशाळेतल्या आठवड्याच्या दोन-तीन सत्रांसमोर रोजच्या शेकडो सर्व्हिस आणि फोरहँड उभे असतात. पण मोठ्या बाजूची ताणलेल्या अवस्थेत भार धरायची तयारी मात्र उतरली, आणि लांबलेल्या एका सामन्यात तीच बाजू धरली. सहा आठवडे गेले.

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं, कारणांसकट सांगतो.

पहिलं, डाव्या बाजूचे व्यायाम परत सुरू केले असते, आणि त्यातही ताण धरत धरत लांबण्यावर भर दिला असता. व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर पाठ टेकवून हळूहळू मागे जाणं, तीन-चार सेकंद मोजत, आणि मग वर येणं. सुरुवातीला बिनवजनाचं, कमान थोडीच. दुसऱ्या दिवशी जास्त ताठरलं नाही तरच पुढच्या आठवड्यात कमान वाढवायची. त्यानंतर गुडघ्यांवर बसून डोक्यावरून हलका मेडिसिन बॉल (व्यायामाचा वजनदार चेंडू) फेकणं. यातला वेग महत्त्वाचा आहे, कारण सर्व्हिसमध्ये स्नायूला सावकाश ताण सहन करायला वेळच मिळत नाही. ताठरणं पूर्ण शमेपर्यंत मात्र हे वेगाचे व्यायाम नकोत.

दुसरं, उजवी बाजू. तिला दुर्लक्षू नका, पण दुप्पटही करू नका. प्रत्येक व्यायामाची सुरुवात उजवीकडून करा, अंग ताजं असतं तेव्हा, आणि डावीकडे तेवढंच करा. उजवीकडे खरंच दम कमी पडतो असं साइड प्लँकमध्ये वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा दिसलं, तर एखादा सेट जास्त द्या. हे ठरवताना वेळेबरोबर रूपही बघा: नितंब खाली घसरतोय का, खांदा पुढे येतोय का, श्वास रोखून धरलाय का. चाळीस सेकंद नीट धरणारी बाजू मला साठ सेकंद लटपटत काढणाऱ्या बाजूपेक्षा बरी वाटते.

तिसरं, धडाचं वळणं अडवण्याचे व्यायाम. बाजूला बांधलेला रबर किंवा केबल छातीसमोर धरून हात पुढे लांब करणं आणि धड वळू न देणं, ज्याला पॅलॉफ प्रेस म्हणतात. एका हातात जड वजन घेऊन सरळ चालणं. हे दोन्ही बाजूंनी सारखं. यामागचं माझं कारण असं की तुम्हाला उजवीकडे वळायची ताकद डावीइतकी लागत नाही, पण डावीकडे सुटलेलं धड वेळेवर थांबवायची ताकद लागते. फटक्यानंतरचं ते थांबवणं उजवीकडचा आतला तिरका स्नायू, डावीकडचा बाहेरचा तिरका आणि पाठीचे स्नायू मिळून करतात, आणि खेळाडू दमला की सगळ्यांत आधी तेच ढिलं पडतं. उजव्या बाजूला काही खास द्यायचंच असेल तर ते हे.

चौथं, पाय आणि नितंब, यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे. पोट ताठरण्याची तक्रार घेऊन आलेल्या टेनिसपटूंमध्ये निम्म्याहून जास्त वेळा मला खरा दोष खाली सापडला आहे. गुडघे पुरेसे वाकत नाहीत, पायांनी जमीन ढकलून वर उसळणं कमी झालेलं असतं, आणि ती राहिलेली गती पोटाकडून वसूल केली जाते. कधी डाव्या नितंबाचा सांधा आत वळत नाही, मग सर्व्हिसनंतर डाव्या पायावर उतरताना सगळं वळण कमरेलाच करावं लागतं. पालथं झोपून, गुडघे काटकोनात वाकवून, पाय बाहेरच्या बाजूला सोडा आणि दोन्हीकडे किती जातात ते बघा. डावा पाय स्पष्टपणे कमी जात असेल तर पोटाच्या व्यायामांइतकंच लक्ष त्या सांध्याला द्या. आणि सर्व्हिसचा व्हिडिओ बाजूने काढा, एक सरावाच्या सुरुवातीला, एक शेवटी. शेवटच्या व्हिडिओत गुडघे कमी वाकत असतील तर ताठरण्याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. चेंडू डोक्याच्या फार मागे किंवा फार डावीकडे पडत असेल तरी हेच होतं, ते प्रशिक्षकांना विचारा.

पाचवं, सर्व्हिस मोजा. रोज किती मारल्या, त्यातल्या पूर्ण जोराच्या किती, हे लिहून ठेवा. सुट्टीनंतर एकदम जुन्या आकड्यावर जाऊ नका. ताठरणं कुठल्या दिवसांनंतर येतं हे दोन-तीन आठवड्यांच्या वहीतून सहज दिसतं. बऱ्याचदा उत्तर ‘किती मारल्या’ यापेक्षा ‘किती लवकर वाढवल्या’ यात असतं. हंगाम चालू असेल तर वरचे सगळे व्यायाम निम्म्या प्रमाणात करा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी लांबण्याचे व्यायाम टाळा. जोर लावायची खरी वेळ हंगाम संपल्यावरची.

ट्रेनरशी बोलताना भांडणाचा सूर नको. त्यांचा हेतू वाईट नाही, फरक दिसला तर तो बुजवावा असं कोणालाही वाटेल. त्यांना एवढंच विचारा की उजवी बाजू कुठल्या कामात कमी पडतेय, ते चाचणीत दाखवा. दाखवता आलं तर त्या कामाचा व्यायाम करा. फक्त आकार दाखवता आला तर डाव्या बाजूचा व्यायाम बंद ठेवायला कारण उरत नाही.

पुढचे सहा आठवडे मिलिमीटर मोजू नका. ताठरणं किती तासांत जातं, साइड प्लँक दोन्हीकडे कसा होतो, पूर्ण जोराच्या किती सर्व्हिसनंतर वेग उतरतो, हे तीन आकडे लिहा. दोन सर्व्हिसच्या मधे डावीकडे बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा जाणवली, किंवा अंथरुणातून उठताना तिथे चमक आली, तर त्या दिवसापासून सर्व्हिस थांबवा आणि तपासून घ्या, कारण ते नेहमीचं ताठरणं नाही. सगळं ठीक चाललं तर हंगाम संपल्यावर पुन्हा सोनोग्राफी करा: त्याच व्यक्तीकडून, सकाळी, उताणं झोपून, श्वास शांतपणे सोडल्यावर, बेंबीच्या वर आणि खाली अशा दोन्ही पातळ्यांवर, आणि आदले दोन दिवस सर्व्हिस न मारता.